पायांना न पेलणारी वाढ

नागपूरच्या सावजी रश्श्याची कीर्ती महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून दूरवर गेली आहे. हलबा कोष्टी समाजाच्या घरांत, हातमागांच्या शेजारच्या चुलीवर एके काळी शिजणारा हा झणझणीत पदार्थ भोजनालयांतून सर्व जातिधर्मांच्या पानांत वाढला जाऊ लागला, त्याला आता अनेक दशके लोटली. परंतु या दशकांत रश्श्यातील मसाला जितका टिकून राहिला तितकी त्यातील कोंबडी टिकली नाही, ती आमूलाग्र बदलली, ही गोष्ट जेवणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. पूर्वीची कोंबडी अंगणात वाढे, उकिरडा उकरी, मुंगसाची चाहूल लागताच कुंपणावर झेप घेई आणि चुलीवरही पुष्कळ वेळ घेई. आजचा ब्रॉयलर पक्षी अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा सुमारे ४० ग्रॅम वजनाचा असतो आणि पाचसहा आठवड्यांत दोन किलोंचा पल्ला गाठतो, म्हणजे एवढ्याशा मुदतीत जन्मवजनाच्या पन्नासपट होतो. या वेगाने गरिबाच्या ताटात मांस आणले आणि कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंदा दिला, हे निर्विवाद आहे. त्याच वेगाने या मुक्या जिवाच्या पायांवर कोणते संकट ओढवले, आणि त्या संकटाचे मूळ शेडमधल्या व्यवस्थेत किती व जन्मजात वारशात किती, याचा विचार मात्र आपल्याकडे फारच थोडा झाला आहे.

विदर्भातील ब्रॉयलरपालनाचा मोठा हिस्सा आज करारावर चालतो. कंपनी एक दिवसाचे पिल्लू, खाद्य आणि औषधे पुरवते. शेतकरी शेड, वीज, पाणी आणि घरच्या माणसांची मेहनत पुरवतो. आणि लॉट निघाला की विक्रीचे वजन, मरतुक व खाल्लेले खाद्य यांचा हिशेब होऊन किलोमागे ठरलेला मोबदला त्याच्या पदरी पडतो. जमिनीवर धानाचे तूस अंथरलेले असते आणि त्यावर हजारो पिल्ले एकाच वयाची, एकाच वंशाची, एकाच गतीने वाढत असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर त्यांतील काही पक्षी चालेनासे होतात. प्रथम एखादा पक्षी चार पावले टाकून बसतो, मग त्याचा एक पाय बाहेर किंवा आत वळलेला दिसतो. काही पक्षी पंखांची टोके जमिनीला टेकवून, जणू कुबड्या घेऊन, पाण्यापर्यंत सरपटत जातात. आणि जे तेवढेही करू शकत नाहीत ते तुसावर बसून राहतात, ओलसर तुसातील अमोनियाने त्यांच्या टाचांवर काळपट व्रण उठतात, आणि खाद्यपाण्याच्या दोन हातांवर ते भुकेने व तहानेने क्षीण होत जातात. ‘पक्षी पायावर बसले’ एवढ्या तीन शब्दांत या सर्व यातनांची नोंद होते आणि ते पक्षी मरतुकीच्या रकान्यात जमा होतात. शेतकरी खाद्याला दोष देतो, कंपनीचा पर्यवेक्षक तुसाला दोष देतो, कोणी पिल्लांना दोष देतो. आणि या तक्रारींपैकी एकही सर्वस्वी खोटी नसल्यामुळे वाद कधीच संपत नाही.

हे पाय का जातात हे समजण्यासाठी वाढत्या हाडाची रचना थोडी बारकाईने पाहिली पाहिजे. लांब हाडाच्या टोकाजवळ, सांध्याच्या किंचित आत, कूर्चेचा एक पट्टा असतो. वृद्धिपट्टिका या नावाने तो ओळखता येईल. येथील कूर्चापेशी एकीखाली एक अशा रांगांनी विभागत राहतात, खाली सरकताना त्या फुगतात व पक्व होतात, भोवतालच्या द्रव्यात कॅल्शियमचे क्षार साठू लागतात, आणि मग हाडाच्या बाजूने बारीक रक्तवाहिन्या त्या पक्व कूर्चेत शिरून तिचे विसर्जन करतात व तिच्या जागी खरे हाड रचले जाते. पेशींची वाढ, त्यांची परिपक्वता, क्षारांचा संचय आणि रक्तवाहिन्यांचा प्रवेश या चार क्रिया एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालल्या तर हाड लांबही होते आणि मजबूतही होते. ब्रॉयलरच्या शरीरात या क्रियांना श्वास घ्यायला उसंत उरत नाही. चुना वाळण्याआधीच गवंड्याने वरचे थर चढवीत जावे आणि भिंतीने मध्येच फुगावे, तशी अवस्था त्या हाडांची होते. शीघ्रवाढीच्या वंशांतील हाडांचा बाहेरचा कठीण थर मंदवाढीच्या वंशांच्या तुलनेने अधिक सच्छिद्र व क्षारांनी कमी भरलेला असतो, असे सूक्ष्मदर्शकाखाली वारंवार दिसून आले आहे.

त्यातून जे विकार उद्भवतात त्यांपैकी शास्त्रीय दृष्टीने सर्वांत उद्बोधक म्हणजे टिबिअल डिसकॉन्ड्रोप्लेझिया. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी कूर्चापेशी विभागत तर राहतात, परंतु पक्व होत नाहीत. रक्तवाहिन्या त्यांच्यात शिरत नाहीत. आणि जेथे हाड व्हायचे तेथे पांढऱ्या, अपारदर्शक, रक्तहीन कूर्चेचा एक गोळा अडकून राहतो. पक्षी मरणोत्तर तपासणीसाठी आला आणि नडगीचे टोक उभे चिरले की हा गोळा नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो लहान असेल तर पक्षी तसाच वाढतो व कोणाच्या लक्षातही येत नाही. मोठा असेल तर हाड वाकते, क्वचित मोडते. १९६५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लीच व नेशाइम या दोन संशोधकांनी या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच अभ्यासात त्यांनी हेही दाखविले की, हा विकार असलेल्या कुलांतून पुढची पैदास केली तर त्याचे प्रमाण वाढते आणि नसलेल्या कुलांतून केली तर घटते. विकाराच्या जन्माबरोबरच त्याचा आनुवंशिक दाखला हाती आला होता.

दुसरा विकार अधिक घातक आहे, कारण त्यात जंतूंचा हात असतो. मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या वरच्या टोकांवर, वाढत्या वजनाच्या भाराने, वृद्धिपट्टिकेच्या कोवळ्या कूर्चेत सूक्ष्म भेगा पडतात व तेथील नाजूक रक्तवाहिन्या तुटतात. आतड्यातून किंवा श्वासमार्गातून रक्तात शिरलेले स्टॅफिलोकॉकस, एन्टेरोकॉकस यांसारखे जीवाणू त्या भेगांत ठाण मांडतात, आणि रक्तपुरवठा तुटलेला असल्याने शरीराचे रक्षक तेथवर पोहोचत नाहीत. मग हाडाचे टोक सडते. शवविच्छेदनात मांडीचे हाड खुब्यातून ओढले असता त्याचा माथा मागेच राहून जातो. अर्कान्सास विद्यापीठातील रॉबर्ट वाइडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेच्या जाळीच्या अस्थिर फरशीवर पक्षी वाढवून हा विकार मुद्दाम घडवून आणला आणि भार व जंतू यांची ही युती सिद्ध केली. तिसरा प्रकार म्हणजे पाय बाहेर किंवा आत वळण्याचा. तो माद्यांपेक्षा नरांत अधिक आढळतो, आणि नरांची वाढ माद्यांहून वेगवान असते हे लक्षात घेतले तर त्याचे कारण फार दूर शोधावे लागत नाही. पाठीचा मणका सरकून मज्जारज्जू दबल्याने बसणारे पक्षी, बोटे वाकडी होणारे पक्षी, जीवनसत्त्व ड किंवा स्फुरद यांच्या अभावाने मुडदूस झालेले पक्षी, असे आणखीही प्रकार आहेत. त्यांचा तपशील पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकासाठी सोडून देऊ.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वारसा म्हणजे नेमके काय, हे कोंबडीनेच माणसाला पुष्कळ शिकविले आहे. मेंडेलचे नियम वाटाण्याप्रमाणे प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यांच्या आकारावरून दाखविले. तुऱ्याचा आकार हा एखाद-दुसऱ्या जनुकाचा खेळ आहे. पायांतही तसे एक उदाहरण आहे: क्रीपर नावाच्या आखूड पायांच्या कोंबड्यांत एकच प्रबळ जनुक पाय खुजे करते, आणि तेच जनुक आईबापांकडून दोन्ही बाजूंनी आले तर गर्भ अंड्यातच मरतो. ब्रॉयलरचे लंगडेपण असे एका जनुकाच्या दारात उभे करून त्याचा जबाब घेता येत नाही. कूर्चापेशींचा विभाजनवेग, रक्तवाहिन्यांना बोलावणारी प्रथिने, आतड्यातून चुना शोषून घेण्याची शक्ती, छातीच्या स्नायूंची रुंदी, जंतूंशी झुंजण्याची कुवत, एवढेच काय पण पक्षी दिवसाकाठी किती वेळ उभा राहतो हीसुद्धा, अशा कितीतरी गोष्टींवर शेकडो जनुके आपला थोडा थोडा प्रभाव टाकतात आणि त्या सर्वांची बेरीज होऊन पाय टिकतो किंवा जातो.

अशा बहुजनुकीय गुणांचे माप आनुवंशिकता नावाच्या एका गुणोत्तराने घेतात. एकाच कळपातील पक्ष्यापक्ष्यांत जो फरक दिसतो त्यातील कितवा हिस्सा वारशामुळे पडतो, हे ते सांगते. एका जागतिक पैदास संस्थेने आपल्या शुद्ध वंशांच्या २५ वर्षांच्या नोंदी २०१२ साली प्रसिद्ध केल्या, त्यांत नडगीतील कूर्चागोळ्याची आनुवंशिकता सुमारे ०.१० ते ०.२७ आणि लांब हाडांच्या वाकडेपणाची अवघी ०.०४ ते ०.०७ निघाली, म्हणजे वाकडेपणाच्या बाबतीत शंभरातील नव्वदांहून अधिक हिस्से जनुकांबाहेरचे ठरले. हे आकडे पाहून कोणासही वाटेल की, दोष मुख्यतः शेडचा आहे आणि वारशाचा गवगवा व्यर्थ आहे. येथेच या विषयातील सर्वांत मोठी गफलत होते, आणि ती उलगडून सांगणे मला अगत्याचे वाटते. आनुवंशिकतेचा आकडा एका कळपाच्या आतील फरकांचा असतो. दोन काळांच्या किंवा दोन वंशांच्या कळपांतील अंतराविषयी तो मौन असतो. एका शेडमधील दहा हजार भावंडांपैकी नेमका कोणता पक्षी बसेल, हे ओले तूस, दाटी, ऊन, जंतू यांवर बहुतांशी ठरते. परंतु त्या दहा हजारांपैकी प्रत्येकच पक्षी पडण्याच्या इतक्या काठावर का उभा आहे, याचे उत्तर शेडमध्ये मिळत नाही. ते त्यांच्या वंशावळीत मिळते.

याचा पुरावा कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाने मोठ्या सुरेख रीतीने सादर केला. तेथे १९५७ व १९७८ सालच्या मांसल कोंबड्यांचे वंश, पुढे कोणतीही निवड न करता, जसेच्या तसे जतन करून ठेवले आहेत. त्या दोन वंशांची पिल्ले आणि २००५ सालच्या व्यापारी वंशाची पिल्ले एकाच खाद्यावर, एकाच व्यवस्थेत वाढविण्यात आली. ५६ व्या दिवशी १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम भरला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. खाद्य तेच, छप्पर तेच, दिवस तेवढेच. मग साडेचारपटीहून अधिक असलेले हे अंतर कोणी घातले? माणसाने केलेल्या निवडीने. आणि ज्या निवडीने छाती रुंदावली, शरीराचा गुरुत्वमध्य पुढे ढकलला आणि दोन महिन्यांच्या आतल्या हाडांवर प्रौढाचे ओझे लादले, त्या निवडीला त्या हाडांच्या व्यथेपासून वेगळे काढता येत नाही. वजनाची जनुके आणि पायांच्या विकारांची जनुके यांच्यात सौम्य ते मध्यम का होईना, पण प्रतिकूल नाते आहे, असे नोंदी सांगतात. वजनासाठी डोळे मिटून निवड केली की पायांचा ऱ्हास न मागता पदरात पडतो.

या निवडीच्या इतिहासात भारताचाही एक धागा आहे, आणि तो विदर्भाच्या वाचकाला जवळचा वाटावा. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात एकोणिसाव्या शतकात कॉर्निश नावाची रुंद छातीची जात तयार झाली. तिचे जुने नाव ‘इंडियन गेम’, कारण तिच्या घडणीत आपल्याकडील असील या झुंजार जातीचे रक्त घातले गेले होते. आजच्या ब्रॉयलरच्या पितृवंशात कॉर्निशचाच मुख्य वाटा आहे. असील म्हणजे उंच, जाड नळीच्या पायांचा, ताठ मानेचा पक्षी. गडचिरोली-चंद्रपूरकडील कोंबडबाजारांत, कायद्याने बंदी असूनही, अशा झुंजार कोंबड्यांच्या पायांना लोखंडी काती बांधून त्यांना लढवितात. तो प्रकार क्रूर आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही, परंतु तेथे जमलेला माणूस पक्ष्याची पारख त्याच्या पायांवरून करतो, हे सत्य आहे. ज्या पूर्वजाचे मोल पायांवर ठरत असे त्याच्या वंशजाला पायांवर उभे राहता येऊ नये, याहून दुःखद परिवर्तन पशुपालनाच्या इतिहासात विरळा.

अमेरिकेत १९४६ ते १९४८ या काळात ‘उद्याची कोंबडी’ या नावाने एक देशव्यापी स्पर्धा भरली. मेणाचा एक आदर्श नमुना घडवून त्याच्याशी पक्ष्यांची तुलना करण्यात आली, आणि १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांचा संकर विजयी ठरला. तेथून पुढे पैदाशीचा कारभार थोड्या थोड्या संस्थांच्या हाती एकवटत गेला. भारतात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या आणि आज पुण्यास मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने कॉब या अमेरिकन वंशावर आधारलेला वेनकॉब पक्षी देशभर नेला व या धंद्याला संघटित रूप दिले. या पैदाशीची रचना शिखरासारखी असते: माथ्यावर मोजके शुद्ध वंश, त्यांखाली पणजोबांची, आजोबांची व जनकांची पिढी, आणि अगदी तळाशी शेतकऱ्याच्या शेडमधील कोट्यवधी ब्रॉयलर. माथ्यावर केलेली निवड तळापर्यंत झिरपायला सुमारे चार वर्षे लागतात. नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती आलेले पिल्लू हे संकरित व अखेरचे असते. त्यातून तो चांगल्या पायांचे पक्षी निवडून पुढची पैदास करू शकत नाही. म्हणूनच वारशाच्या प्रश्नाची जबाबदारी त्याच्या दारात टाकणे अन्याय्य आहे.

या शिखराच्या आत आणखी एक अवघड गोष्ट दडलेली आहे. ब्रॉयलरचे आईबाप हेही त्याच शीघ्रवाढीच्या वंशाचे. त्यांना वर्षभराहून अधिक जगवून अंडी घ्यायची असतात. त्यांना पोटभर खाऊ दिले तर ते लठ्ठ होतात, लंगडतात, त्यांची प्रजननशक्ती जाते. म्हणून वाढीच्या काळात त्यांना मोजून, स्वेच्छेने खाल्ले असते त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि काही आठवडे त्याहूनही पुष्कळ कमी, खाद्य दिले जाते. ज्या वंशाला भूक भागवून निरोगी जगता येत नाही, त्या वंशाची निवड एका दिशेला फार दूर गेली आहे, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

सुदैवाने, जे निवडीने बिघडले ते निवडीने पुष्कळसे सावरताही येते. अमेरिकी अवकाशसंस्थेत जन्मलेले लिक्सिस्कोप नावाचे हातात धरण्याजोगे क्षकिरण यंत्र १९८० नंतरच्या काळात पैदाशीच्या फार्मवर आले आणि जिवंत पक्ष्याच्या नडगीतील कूर्चागोळा त्याला न मारता दिसू लागला. गोळा असलेले पक्षी पैदाशीतून बाद करता आले, आणि वर सांगितलेल्या २५ वर्षांच्या नोंदींत पायांच्या विकारांचे प्रमाण शुद्ध वंशांत घटत गेलेले दिसते, तेही वजनाची वाढ चालू असताना. त्याचे रहस्य असे की, दोन गुणांतील नाते प्रतिकूल असले तरी सौम्य असेल, तर दोन्ही चांगले असलेले थोडे पक्षी प्रत्येक पिढीत सापडतातच. ते हुडकण्याची इच्छा व साधने मात्र हवीत. २००४ साली कोंबडीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि त्यानंतर रक्ताच्या थेंबावरून पक्ष्याचे पैदासमूल्य अजमावण्याची रीतही रुळली. कमी आनुवंशिकतेच्या गुणांसाठी ती विशेष उपयोगाची आहे, कारण अशा गुणांत पक्ष्याच्या स्वतःच्या चालीपेक्षा त्याच्या कुळाची साक्ष अधिक विश्वसनीय असते.

एक उणीव मात्र राहते. माथ्यावरचे शुद्ध वंश अत्यंत स्वच्छ, बंदिस्त, रोगमुक्त जागी वाढतात. त्यांचे पाय तेथे निर्दोष दिसतात. त्यांची नातवंडे-पणतवंडे जेथे वाढणार तेथले हवामान, जंतू, तूस सर्वस्वी वेगळे असते. म्हणून काही संस्था शुद्ध पक्ष्यांची सख्खी भावंडे सामान्य शेडमध्ये वाढवून त्यांच्यावरून निर्णय घेतात, आणि ही रीत योग्य आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. त्या काळात पक्षी खाणे टाकतात, चोच उघडी ठेवून धापा टाकतात, त्या धापांनी रक्तातील कर्बवायू निघून जाऊन रक्ताचे रासायनिक संतुलन ढळते, आणि पक्षी हालचाल सोडून तुसावर पसरतात. अशा उन्हात कोणत्या कुळाचे पाय टिकतात, हे थंड देशातील फार्मवर बसून कळणार नाही.

शेतकऱ्याच्या हाती जे आहे तेही थोडे नाही, आणि त्यात विदर्भाच्या संदर्भात दोन गोष्टी आवर्जून सांगतो. कोंबडीच्या खाद्याचा कणा म्हणजे मका व सोयाबीनची पेंड; सोयाबीन तर आपल्याच शिवारातले. ओलसर राहिलेल्या धान्यावर फ्युजेरियम वंशातील काही बुरश्या वाढल्या तर त्यांच्या विषाने नडगीतील कूर्चागोळा उद्भवतो. आणि बियाण्याला चोळण्याचे थायरम हे ओळखीचे बुरशीनाशक नेमका तोच विकार इतक्या हमखास घडविते की, संशोधक प्रयोगशाळेत तो विकार निर्माण करण्यासाठी त्याचाच वापर करतात. पेरणीनंतर उरलेले औषध लावलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत कोंबड्यांपुढे जाता कामा नये. दुसरी गोष्ट अंधाराची. उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात पक्ष्यांनी खावे म्हणून रात्रभर दिवे चालू ठेवण्याची प्रथा आहे. पण दररोज सलग काही तासांचा अंधार मिळालेल्या पक्ष्यांची चाल अधिक चांगली असते. धान्यातील स्फुरद कोंबडीला पचत नाही म्हणून फायटेज हे विकर, जीवनसत्त्व ड यांची मात्रा, कोरडे व भुसभुशीत तूस, या गोष्टी तर कोणताही जाणता पशुवैद्य सांगेल.

लंगडणारा पक्षी केवळ मंद चालतो की त्याला वेदना होतात, असा प्रश्न कोणी विचारील. ब्रिस्टल विद्यापीठात त्याचे उत्तर पक्ष्यांनाच विचारले गेले. लंगड्या व निरोगी पक्ष्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले, त्यांपैकी एकात कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळले. लंगडे पक्षी ते औषधाचे खाद्य निरोगी पक्ष्यांपेक्षा जास्त निवडू लागले, आणि ज्याचे लंगडणे जितके तीव्र तितके त्याचे औषध जास्त, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दिसले. त्याच विद्यापीठाने पक्ष्याच्या चालीला शून्य ते पाच असे गुण देण्याची साधी पद्धत घालून दिली: शून्य म्हणजे निर्दोष चाल, पाच म्हणजे उभेही न राहणे. या मापाने ब्रिटनमधील १७६ कळपांतील ५१,००० पक्षी तपासले असता, सरासरी ४० दिवसांच्या वयात, २७.६ टक्क्यांची चाल सदोष आणि ३.३ टक्के जवळजवळ चालण्यास असमर्थ आढळले. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. शिकविलेली नजर, एक वही आणि शेडमधून एक फेरी एवढेच भांडवल त्यास पुरते.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पाळणुकीसाठी सिद्ध केलेल्या वनराजा पक्ष्याची कथा या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. त्याच्या पितृवंशाची निवड सहा आठवड्यांच्या वयातील पायाच्या नळीच्या लांबीवर केली जाते, कारण परसात हिंडणाऱ्या पक्ष्याला कुत्र्यामांजरापासून पळता आले पाहिजे. तो ब्रॉयलरच्या वेगाने वाढत नाही, बाजारातील स्वस्त मांसाची गरज तो एकटा भागवू शकणार नाही. पण पायालाच निवडीचा निकष करता येतो, आणि भारतीय संस्थेने तो पिढ्यान्‌पिढ्या केला आहे, हे त्याने सिद्ध केले. फ्रान्समध्ये ‘लेबल रूज’ या शासनमान्य मुद्रेखाली किमान ८१ दिवस वाढलेले मंदवाढीचे पक्षी १९६० च्या दशकापासून विकले जातात आणि ग्राहक त्यांना जास्त दाम देतो. आपल्याकडे विधि आयोगाने २०१७ सालच्या २६९ व्या अहवालात ब्रॉयलर व अंड्यांच्या कोंबड्यांच्या निगेविषयी नियमांचा मसुदा शासनापुढे ठेवला आहे.

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० सालापासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. भोवताली शेड आहेत, उन्हाळा आहे आणि शिकण्यास उत्सुक तरुण पशुवैद्य आहेत. विद्यापीठाने विदर्भातील शेडमधून लॉटवार, ऋतुवार, वंशवार चालीच्या गुणांची नोंद सुरू करावी. कंपन्यांनी करारनाम्याच्या हिशेबात मरतुकीशेजारी लंगड्या पक्ष्यांचा वेगळा रकाना घालावा आणि चांगल्या चालीच्या लॉटला किलोमागे काही अधिक मोबदला द्यावा. आणि ही दप्तरे पैदास करणाऱ्यांच्या टेबलावर दरवर्षी पोहोचावीत. पैदासकार ज्याची किंमत मोजली जाते तेच निवडतो. पायांची किंमत अद्याप कोणत्याही करारनाम्यात मोजली जात नसेल, तर ती येत्या हंगामापासून मोजली जावी, एवढीच या व्यवसायातील जाणत्यांना माझी विनंती आहे.